पिग आयर्नचा एचएस कोड वारंवार का अडतो: प्रमाणपत्रातली पाच मूलद्रव्ये आणि कुणी न विचारलेली आठ

पिग आयर्न म्हणजे बहुधा झोतभट्टीतून निघणारे, जास्त कार्बनचे कच्चे लोखंड, आणि एचएस कोड म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाची आंतरराष्ट्रीय वर्गवारी सांगणारा क्रमांक. त्याबद्दल आयातदाराची तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. पुरवठादार तोच, ग्रेड तीच, करारही जुनाच. आधीच्या खेपा ७२०१.१० खाली, म्हणजे फॉस्फरस ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असलेले बिगरमिश्र पिग आयर्न म्हणून, कुणी काही न विचारता सुटल्या. मग एका खेपेचा नमुना सीमाशुल्काच्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येतो की माल मिश्र आहे, कोड ७२०१.५० हवा. आयातदार कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट दाखवतो. त्यातला एकही आकडा मर्यादेबाहेर नसतो. प्रयोगशाळेचा अहवालही चुकीचा नसतो. दोन्ही कागद खरे, कोड मात्र दोन.

मूळ शोधायला गेले की जवळपास दर वेळी तेच सापडते. कारखान्याच्या सर्टिफिकेटवर पाच मूलद्रव्ये असतात: कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस आणि गंधक. हा कागद ओतकामवाल्यासाठी किंवा पोलाद भट्टीवाल्यासाठी लिहिलेला आहे. चार्ज (भट्टीत घालायच्या मालाचे मिश्रण) कसा बांधायचा हे त्याला या पाचांवरून कळते. सीमाशुल्काला मात्र मिश्र की बिगरमिश्र हे ठरवताना या पाचांपैकी एकाचीही गरज नसते. एचएस नामावलीतल्या लोखंड-पोलादाच्या प्रकरण ७२ ची उपशीर्षक टीप आठ वेगळीच नावे घेते: क्रोमियम, तांबे, निकेल, ॲल्युमिनियम, मॉलिब्डेनम, टायटॅनियम, टंगस्टन आणि व्हॅनेडियम. पाच आणि आठ या दोन याद्यांत एकही नाव सामाईक नाही. म्हणजे नेहमीचे सर्टिफिकेट कितीही चोख असले तरी ज्या प्रश्नावर खेप अडते, त्याचे उत्तर त्यात नाहीच.

या आठांच्या मर्यादा अशा: क्रोमियम ०.२ टक्क्यापेक्षा जास्त, तांबे ०.३ पेक्षा जास्त, निकेल ०.३ पेक्षा जास्त. उरलेल्या पाचांपैकी कोणतेही एक ०.१ पेक्षा जास्त. एकाने जरी मर्यादा ओलांडली तरी ते मिश्र पिग आयर्न. आठांची बेरीज करायची नसते, सरासरी काढायची नसते.

पण आधी, हा माल ७२.०१ मध्ये बसतो का?

मिश्र-बिगरमिश्रचा वाद उपशीर्षकाचा, म्हणजे कोडच्या सहा अंकांचा आहे; शीर्षक म्हणजे पहिले चार अंक. एचएसच्या अर्थनिर्णयाचा पहिला सामान्य नियम सांगतो की शीर्षक आधी ठरवा, तेही शीर्षकाच्या शब्दांवरून आणि विभाग-प्रकरणांच्या टिपांवरून. सहावा नियम उपशीर्षकाचा, तो त्यानंतर. गडबडीत लोक हा क्रम उलटा करतात. अहवालात निकेल ०.३५ दिसले की कुणी लगेच फेरो-मिश्रधातूंच्या ७२.०२ कडे धावतो, कुणी मिश्र पोलादाच्या ७२.२४ कडे. दोन्हीकडे जायचे कारण नसते.

प्रकरण ७२ च्या पहिल्या टिपेनुसार पिग आयर्न म्हणजे लोखंड आणि कार्बन यांचा असा मिश्रधातू जो उपयोगी पडेल इतका घडवता येत नाही, ज्यात कार्बन २ टक्क्यांपेक्षा जास्त आहे, आणि बाकी मूलद्रव्ये या हद्दीत आहेत: क्रोमियम १० टक्क्यांपर्यंत, मँगनीज ६ पर्यंत, फॉस्फरस ३ पर्यंत, सिलिकॉन ८ पर्यंत, आणि इतर सगळी मिळून १० पर्यंत. या हद्दी चांगल्याच सैल आहेत. नेहमीचे बेसिक ग्रेड (पोलादासाठीचे) किंवा फाउंड्री ग्रेड (ओतकामासाठीचे) पिग आयर्न त्यांच्या जवळपासही फिरकत नाही. कार्बन साधारण साडेतीन ते साडेचार टक्के, सिलिकॉन फाउंड्री ग्रेडमध्येही बहुधा साडेतीनच्या आत. त्यामुळे शीर्षकाचा प्रश्न सहसा एका नजरेत सुटतो आणि खरी लढाई खालच्या पातळीवर होते.

तिथे तीनच खण आहेत. ७२०१.१० बिगरमिश्र, फॉस्फरस ०.५ टक्के किंवा कमी. ७२०१.२० बिगरमिश्र, फॉस्फरस ०.५ च्या वर. ७२०१.५० मिश्र पिग आयर्न आणि श्पीगलआयझन (जास्त मँगनीजचा, पिग आयर्नसारखा माल). एकदा माल मिश्र ठरला की फॉस्फरस किती हा प्रश्नच उरत नाही, तरी दोन्ही बाजू फॉस्फरसवर पाने भरतात.

दुसरी हमखास चूक म्हणजे पोलादाची यादी पिग आयर्नला लावणे. मिश्र पोलादाची व्याख्या त्याच प्रकरणात, त्याच पानांवर आहे, आणि तिचे आकडे वेगळे आहेत: टायटॅनियम ०.०५, मॉलिब्डेनम ०.०८, क्रोमियम ०.३, तांबे ०.४, ॲल्युमिनियम ०.३. शिवाय त्या यादीत मँगनीज १.६५ आणि सिलिकॉन ०.६ हेही आहेत. ती यादी लावली तर जगातले जवळजवळ सगळे फाउंड्री ग्रेड पिग आयर्न सिलिकॉनमुळेच 'मिश्र' ठरेल. पिग आयर्नच्या यादीत सिलिकॉन आणि मँगनीज नाहीतच. कुणी 'सिलिकॉन २.८ आहे, म्हणून मिश्र' असे लिहून पाठवले तर उत्तर एका ओळीत देता येते.

शब्दांतला फरकही बारीक आहे. पोलादाला 'इतके किंवा जास्त', पिग आयर्नला 'इतक्यापेक्षा जास्त'. निकेल नेमके ०.३० असेल तर पोलाद मिश्र होते, पिग आयर्न होत नाही. फॉस्फरस नेमका ०.५० असेल तर माल ७२०१.१० मध्येच राहतो.

ही आठ मूलद्रव्ये येतात कुठून

कोणते मूलद्रव्य तपासायला पैसे घालवायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे माल कुठल्या खनिजाचा आणि कुठल्या भट्टीचा आहे यावर ठरते. म्हणून हा भाग नीट पाहू.

सर्वांत जास्त खेपा अडतात त्या टायटॅनियमवर, असे माझे मत आहे, आणि त्याची दोन कारणे भट्टीतच आहेत. झोतभट्टी एका अस्तरावर वर्षानुवर्षे चालते. तळाच्या कुंडातले कार्बनचे अस्तर झिजू लागले की ते वाचवायला भट्टीत मुद्दाम इल्मेनाइट किंवा दुसरे टायटॅनियमयुक्त खनिज टाकतात. टायटॅनियमची कार्बाइडे आणि नायट्राइडे झिजलेल्या जागी साचतात आणि थर धरतात. यात थोडा टायटॅनियम लोखंडातही उतरतो. म्हणजे भट्टी तीच, खनिज तेच, ग्रेड तीच, पण भट्टी म्हातारी होत चालली म्हणून टायटॅनियम ०.०५ वरून ०.१२ वर गेला. पाच मूलद्रव्यांच्या सर्टिफिकेटवर याची खूणही दिसत नाही. 'गेल्या वर्षी सुटला, यंदा का नाही' याचे उत्तर अनेकदा इथे असते.

दुसरे कारण सिलिकॉनशी जोडलेले. भट्टी जितकी तापलेली, तितके सिलिकॉन आणि टायटॅनियम दोन्ही ऑक्साइडमधून सुटून लोखंडात जास्त येतात. त्यामुळे एकाच भट्टीचे बेसिक ग्रेड मर्यादेखाली आणि जास्त सिलिकॉनचे फाउंड्री ग्रेड मर्यादेवर, हे सहज घडते. आधी बेसिक मागवणाऱ्याने ग्रेड बदलली आणि कोड मात्र जुनाच ठेवला, तर अडचण आलीच म्हणून समजा.

टायटॅनियमच्या खनिजाचे नाव ऐकून मात्र दचकू नका. इल्मेनाइट विजेच्या भट्टीत वितळवून टायटॅनियमयुक्त मळी (स्लॅग, म्हणजे धातूपासून वेगळा होणारा वितळलेला बिगरधातू भाग) काढतात, तिथे लोखंड हे जोडउत्पादन असते. टायटॅनियम बहुतांश मळीत राहतो आणि लोखंड उलट फार शुद्ध निघते. नोड्युलर ओतकामासाठी (ज्या बिडात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतो) त्याला मागणी आहे. खनिजाच्या नावावरून कोड ठरवायचा नाही, तपासायचे काय ते ठरवायचे.

व्हॅनेडियमचा उगम ओळखणे त्या मानाने सोपे. टायटॅनोमॅग्नेटाइट खनिजावर चालणाऱ्या भट्ट्यांतला व्हॅनेडियम बराचसा लोखंडात जातो. उरल, चीनमधले पानझिहुआ, दक्षिण आफ्रिकेतला बुशवेल्ड हे या खनिजाचे प्रसिद्ध पट्टे. तिथे सहसा वितळलेल्या लोखंडावर ऑक्सिजन मारून व्हॅनेडियम मळीत काढून घेतात. ती पायरी होण्याआधीच लोखंड पिगमध्ये ओतले, तर व्हॅनेडियम आतच राहतो आणि ०.१ ची मर्यादा सहज मागे पडते. हा माल इतका ओळखीचा आहे की युरोपीय संघाच्या आठ अंकी नामावलीत त्याला स्वतंत्र ओळ आहे: टायटॅनियम ०.३ ते १ टक्का आणि व्हॅनेडियम ०.५ ते १ टक्का असलेले मिश्र पिग आयर्न, ७२०१ ५० १०.

तांबे आणि निकेल यांचा स्वभाव वेगळा. ती खनिजात असतील तर जवळजवळ पूर्णपणे लोखंडात उतरतात; झोतभट्टीत त्यांना मळीत ढकलता येत नाही. फॉस्फरसचेही तसेच. क्रोमियमही मोठ्या प्रमाणात धातूतच जातो. लॅटराइट जातीच्या खनिजात निकेल आणि क्रोमियम जोडीने येतात, तेव्हा एक सापडले की दुसरेही तपासावे. भंगार वितळवून, कार्बन चढवून केलेल्या पिग आयर्नमध्ये मात्र काहीही सापडू शकते: मोटारींच्या तारांमधले तांबे, स्टेनलेसचे क्रोमियम-निकेल, हत्यारी पोलादाचे मॉलिब्डेनम आणि टंगस्टन. अशा मालाला आठही तपासण्यांशिवाय हात लावू नये.

ॲल्युमिनियमची फारशी चिंता नको. खनिजातला ॲल्युमिना झोतभट्टीच्या परिस्थितीत सुटत नाही, तो मळीत जातो. अहवालात ॲल्युमिनियम ०.१ च्या वर आला तर आधी नमुन्यात मळी किंवा माती मिसळली का ते पाहा.

आकडा काठावर असेल तेव्हा

समजा प्रयोगशाळेने टायटॅनियम ०.१० लिहिले आहे. हे मर्यादेपेक्षा जास्त नाही. पण ज्या अहवालात एकच दशांश आहे आणि '०.१' लिहिले आहे, तिथे खरा आकडा ०.०६ पासून ०.१४ पर्यंत काहीही असू शकतो. म्हणून आठही मूलद्रव्ये तीन दशांशांपर्यंत मागा, आणि सोबत मोजणीची अनिश्चितता व पद्धत मागा. ०.१०४ आले तर 'गोल करून ०.१०' या युक्तिवादावर विसंबू नका. टिपेचे शब्द 'पेक्षा जास्त' असे आहेत आणि ०.१०४ हा ०.१ पेक्षा जास्तच आहे.

दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील तर नमुन्याकडे वळा. पिग आयर्नचा नमुना काढणे पोलादापेक्षा कठीण आहे, आणि बरेचसे वाद रसायनाचे नसून नमुन्याचे असतात.

स्पार्क स्पेक्ट्रोमीटरला (ठिणगीच्या प्रकाशावरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राला) पांढऱ्या रचनेचा, झटकन थंड केलेला नमुना लागतो. भट्टीवर वितळलेल्या धातूतून तांब्याच्या साच्यात घेतलेली चकती तशी असते. बंदरावरच्या ढिगातला करड्या रंगाचा पिग तसा नसतो; त्यात कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत विखुरलेला असतो आणि ठिणगीची मोजणी कार्बनच्या बाबतीत विश्वासाची राहत नाही. ड्रिल करून कीस काढला तर ग्रॅफाइटची भुकटी उडून जाते, आणि उरलेल्या किसात कार्बन कमी दिसतो. कार्बन आणि गंधक ज्वलन-अवरक्त पद्धतीने मोजावेत. नमुना कसा घ्यायचा आणि तयार करायचा यासाठी आयएसओ १४२८४ हे मानक आहे. कराराला त्याचाच आधार द्यावा.

कार्बन थोडा कमी मोजला गेला तरी २ टक्क्यांचा उंबरठा सहसा धोक्यात येत नाही. टायटॅनियमचे मात्र तसे नाही. लोखंड थंड होऊ लागले की टायटॅनियमची कार्बाइडे वेगळी होऊ लागतात, त्यामुळे एका पिगमधून दुसऱ्या पिगमध्ये आकडा हलतो. त्यात जहाजभर माल म्हणजे अनेक ओतण्यांची (भट्टीतून एकेका वेळी काढून ओतलेल्या लोखंडाची) बेरीज. दोन-चार पिग उचलून केलेली तपासणी साऱ्या खेपेबद्दल फार थोडे सांगते. आयातदाराच्या बाजूने वजनानुसार काढलेली ओतणीनिहाय सरासरी असेल आणि समोर दोन पिगचा अहवाल असेल, तर प्रातिनिधिक नमुन्याची मागणी करण्यात अर्थ आहे. उलट, जास्त टायटॅनियमचा लॉट जहाजाच्या वेगळ्या होल्डमध्ये (माल भरायच्या कप्प्यात) भरला असेल आणि तरी साऱ्या जहाजाची सरासरी दाखवली असेल, तर ती सरासरी टिकणार नाही. तो लॉट वेगळा घोषित करणेच बरे.

माल चढवण्याआधीची स्वस्त चाळणी म्हणजे हातातले एक्सआरएफ यंत्र, जे क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजते. पिगचा गंज आणि वाळू घासून काढलेल्या पृष्ठभागावर ते टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम, निकेल आणि तांबे पुरेशा भरवशाने दाखवते. कार्बन ते मोजूच शकत नाही, आणि फॉस्फरस-सिलिकॉनवर त्याचा भरवसा धरू नये. कोड ठरवायला त्याचा आकडा वापरू नका. कोणता लॉट प्रयोगशाळेत पाठवायचा हे ठरवायला वापरा.

फॉस्फरसचा काटा

७२०१.१० आणि ७२०१.२० यांच्यामधली ०.५ टक्क्याची रेघ इतिहासातून आलेली वाटते, आणि ती आजच्या व्यापारात क्वचितच आड येते. लोरेन आणि लक्झेंबर्गच्या फॉस्फरसयुक्त खनिजापासून निघणारे पिग आयर्न १८७० च्या दशकाच्या अखेरीस थॉमस आणि गिलख्रिस्ट यांच्या पद्धतीने पोलादासाठी वापरता येऊ लागले. त्यात फॉस्फरस दीड-दोन टक्क्यांच्या घरात असे. आज समुद्रमार्गे विकले जाणारे बेसिक आणि फाउंड्री ग्रेड बहुधा ०.१२ च्या आतबाहेर. त्यामुळे घोषणेत ७२०१.२० दिसले की आधी टंकनाची चूक शोधा. दशांशचिन्ह सरकले आणि ०.०८ चे ०.८ झाले, एवढेच कारण अनेकदा निघते.

नाव पिग आयर्नचे, माल दुसराच

काही खेपा आठ मूलद्रव्यांवर नव्हे, तर शीर्षकावरच अडतात. तिथे बीजकावरचे नाव बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारायच्या: वितळला होता का, रासायनिक घडण काय, आकार काय.

थेट क्षपणाने, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेले स्पंज आयर्न आणि त्याच्या गरम दाबलेल्या विटा यांचे शीर्षक ७२.०३. काही कारखान्यांच्या मालात कार्बन ३-४ टक्क्यांपर्यंत चढवलेला असतो, तरी तो पिग आयर्न होत नाही, कारण तो वितळलेलाच नाही. इथे जहाजाचे कागद उपयोगी पडतात. सुट्या घन मालासाठीच्या आंतरराष्ट्रीय सागरी संहितेत थेट क्षपण केलेले लोखंड वेगळ्या नोंदींखाली, धोकादायक म्हणून येते. ओल लागली की ते तापते आणि हायड्रोजन सोडते. पिग आयर्न त्याच संहितेत निरुपद्रवी गटात आहे. जहाजावरच्या घोषणेत एक नोंद आणि सीमाशुल्काच्या घोषणेत दुसरी असेल, तर कुठला तरी एक कागद चुकीचा आहे.

बारीक माल आला की चाळणी लावा. ९० टक्के किंवा जास्त वजन ५ मिलिमीटरच्या चाळणीतून जाते, पण १ मिलिमीटरच्या चाळणीतून ९० टक्क्यांपेक्षा कमी जाते, तर ते कण, शीर्षक ७२.०५. १ मिलिमीटरमधूनही ९० टक्के किंवा जास्त गेले तर भुकटी, शीर्षक तेच. वितळलेले लोखंड पाण्यात ओतून केलेले 'ग्रॅन्युलेटेड पिग आयर्न' नावाने कण वाटते, पण त्याचे दाणे बरेचदा ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असतात. चाळणी नापास झाली की ७२.०५ चे दार बंद आणि माल ७२.०१ मध्येच राहतो. हा वाद चाळणीचा अहवाल जोडला की मिटतो, आणि तो जोडायचे लोक विसरतात.

पिगच्या आकारात ओतलेला, पण कार्बन १.७ टक्के आणि पृष्ठभागावर उघड दोष असलेला माल बहुधा भंगार वितळवून ओतलेले ठोकळे, ७२०४.५०. इथे पिगचा आकार काहीच सिद्ध करत नाही. उलट बाजूने, फुटलेले इंजिन ब्लॉक आणि बिडाचे तुकडे यांची घडण पिग आयर्नसारखीच असते, तरी ते भंगार आहे: ७२०४.१०. आणि वापरासाठी ठरावीक आकारात ओतलेली वस्तू, मग ती कितीही ओबडधोबड असो, ७२.०१ मध्ये येत नाही. तिच्यासाठी प्रकरण ७३ किंवा ती ज्या यंत्राचा भाग आहे ते प्रकरण पाहा.

लाडलच्या (वितळलेला धातू नेण्याच्या भांड्याच्या) आणि नाळीच्या काठावर चिकटून राहिलेली 'स्कल' डोकेदुखी असते, कारण धातू किती आणि मळी किती हे दर ढिगात बदलते. धातूचे आणि मळीचे वजनी प्रमाण अहवालात नसेल तर कोणत्याही शीर्षकावर वाद घालू नका. आधी ते मोजून घ्या. मुख्यतः मळी असलेल्या मालाला २६.१९ ची वाट आहे.

हद्दीपलीकडचे तीन शेजारी

सिलिकॉन ८ टक्क्यांच्या वर गेला की पिग आयर्नची व्याख्या संपते आणि फेरो-सिलिकॉन सुरू होते. ५५ टक्क्यांपर्यंत ते ७२०२.२९. 'सिल्व्हरी पिग' या नावाने विकला जाणारा चकचकीत, जास्त सिलिकॉनचा माल या रेषेच्या दोन्ही बाजूंना सापडतो. सिलिकॉन चढला की कार्बनला लोखंडात जागा कमी उरते, म्हणून अशा मालात कार्बन २ च्या वर आहे ना हेही आवर्जून बघावे. नेहमीच्या पिग आयर्नला हा प्रश्न पडत नाही.

मँगनीज ६ च्या वर आणि ३० पर्यंत असेल तर श्पीगलआयझन, ३० च्या वर फेरो-मँगनीज. श्पीगलआयझन आणि मिश्र पिग आयर्न १९९६ च्या आवृत्तीपासून एकाच ७२०१.५० मध्ये आहेत. त्याआधी ते ७२०१.३० आणि ७२०१.४० असे वेगळे होते. जुन्या करारातून नक्कल केलेल्या मसुद्यात हे मेलेले कोड अजून सापडतात आणि प्रणाली घोषणा परत पाठवते. अमेरिकेच्या आठ अंकी दरपत्रकात हे दोघे आजही पुढच्या अंकांवर वेगळे होतात: ७२०१.५०.३० मिश्र पिग आयर्न, ७२०१.५०.६० श्पीगलआयझन.

तिसरा शेजारी निकेल पिग आयर्न. लॅटराइट खनिजापासून केलेल्या या मालात निकेल जेमतेम दीड-दोन टक्क्यांपासून पंधराच्या आसपासपर्यंत असतो, आणि नावात 'पिग आयर्न' असल्याने सगळाच ७२०१.५० मध्ये टाकण्याचा मोह होतो. टिपेचे आकडे लावा. निकेल १० टक्क्यांच्या वर गेला की पिग आयर्नची हद्द ओलांडली. वाट फेरो-निकेलची, ७२०२.६०. निकेल त्याच्या आत आणि कार्बन २ च्या वर असेल तर मिश्र पिग आयर्न. निकेल आत, पण कार्बनही २ किंवा कमी, असा माल आला तर तो दोन्ही व्याख्यांत बसत नाही. तो जहाजात चढण्याआधीच सीमाशुल्काकडून आगाऊ निर्णय मागून घ्यावा.

'शुल्क दोन्हीकडे सारखेच आहे, मग कोडची एवढी उठाठेव कशाला?' हा प्रश्न दर वेळी येतो. शुल्काचा दर सारखा असला तरी उगमाचे नियम, कोटा, निर्बंध आणि आकडेवारी कोडवर चालतात. युरोपीय संघाच्या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेत (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावर आकार लावणारी व्यवस्था) पिग आयर्न येते, पण ७२.०४ चे भंगार येत नाही; म्हणूनच तिथे ठोकळ्यांच्या घोषणा जास्त बारकाईने पाहिल्या जाणार हे उघड आहे. शिवाय सहा अंक सगळीकडे सारखे असले तरी पुढचे अंक देशागणिक बदलतात. युरोपीय संघ ७२०१.१० चे तुकडे मँगनीज आणि सिलिकॉनवर पाडतो: मँगनीज ०.४ किंवा जास्त असेल तर सिलिकॉन १ टक्क्याच्या आत की बाहेर ते पाहतो, मँगनीज ०.१ ते ०.४ मध्ये असेल तर तिसरी ओळ, त्याहून कमी असेल तर चौथी. म्हणजे जी दोन मूलद्रव्ये सहा अंकांवर निरुपयोगी होती, ती पुढे कामाला येतात. दुसऱ्या देशाचा पूर्ण कोड उचलून आपल्या घोषणेत चिकटवू नये, याचे एवढे कारण पुरे.

खेप अडली असेल तर

प्रयोगशाळेच्या अहवालात कोणत्या मूलद्रव्याने मर्यादा ओलांडली हे आधी वाचा. फक्त 'मिश्र' असे लिहिले असेल तर आकडा, पद्धत आणि नमुना कुठून घेतला हे लेखी मागा. मग पुरवठादाराकडून त्या जहाजातल्या ओतण्यांचे पूर्ण विश्लेषण मागवा. बहुतेक कारखान्यांचा स्पेक्ट्रोमीटर ही सगळी मूलद्रव्ये मोजतच असतो, सर्टिफिकेटवर ती छापली जात नाहीत इतकेच. ते आकडे प्रयोगशाळेशी जुळले तर वाद घालत बसू नका, कोड बदला. जुळले नाहीत तर राखीव नमुन्याची फेरतपासणी मागा आणि ती कार्बन-गंधकासाठी ज्वलन पद्धतीने, बाकीसाठी योग्य तयार केलेल्या नमुन्यावर व्हावी असे अर्जात लिहा. मुदत पाळा, फेरतपासणीचे अर्ज उशिरामुळे जितके फेटाळले जातात तितके मुद्द्यावर जात नाहीत, असा माझा समज आहे.

पुढच्या करारात एक ओळ घाला: चढवणीच्या बंदरावर, आयएसओ १४२८४ प्रमाणे घेतलेल्या नमुन्यावर, नेहमीच्या पाचांसह क्रोमियम, तांबे, निकेल, ॲल्युमिनियम, मॉलिब्डेनम, टायटॅनियम, टंगस्टन आणि व्हॅनेडियम, तीन दशांशांपर्यंत, ओतणीनिहाय, आणि भट्टीत टायटॅनियमयुक्त खनिज टाकायला सुरुवात केली तर तसे कळवणे. शेवटची अट वाचून पुरवठादार कुरकुरतो, कारण त्याच्या लेखी ती भट्टीच्या तब्येतीची गोष्ट आहे.

उरतात त्या आधी सुटलेल्या खेपा. एका खेपेत टायटॅनियम ०.१२ निघाला की मागच्या खेपांची फाइल उघडली जाण्याची शक्यता असते. पुरवठादाराकडचे त्या काळातले ओतणीनिहाय आकडे आत्ताच मागवून ठेवा, आणि राखीव नमुने असतील तर ते फेकू देऊ नका. टायटॅनियम कोणत्या महिन्यापासून चढला हे त्या आकड्यांतून दिसते. त्याआधीच्या खेपा ७२०१.१० मध्येच होत्या हे तेव्हा कागदावर दाखवता येते, आणि नंतरच्या खेपांची दुरुस्ती विचारणा येण्याआधी स्वतःहून करता येते.